बी बाजू रिकामी नव्हती

सुची, गेल्या शुक्रवारी सकाळी साडेदहाला दुबईत ऊद मेथातल्या हॉलमध्ये, भरलेल्या खुर्च्यांसमोर तुझ्यावर अन्याय झाला. स्टेजवर तुझा फोटो, फोटोला हार. निवेदन करणारे काका माइक अगदी ओठांना लावून म्हणाले, "आता आपण आपल्या सुचेताचं एक आवडतं गाणं ऐकू या." आणि टेप लागली.

आवडतं गाणं. जसं काही तू ते कुठल्या टॅक्सीत ऐकलंस, तुला आवडलं आणि तू गुणगुणत बसलीस. अगं, ते तू केलं होतंस. त्यातला ठेका तुझा, खर्जातला बास तुझा, दुसऱ्या कडव्याआधी जो एक श्वासभर थांबा येतो तो तुझा. गाणारी बीना होती, पण ती ज्याच्यावर उभी राहून गात होती ती जमीन तुझी होती. हॉलमधल्या लोकांनी मान डोलावली. पुढच्या रांगेतल्या एक मावशी शेजारणीला म्हणाल्या, छान आहे, मल्याळी पिक्चरमधलं असेल.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. पुढचा नंबर माझाच होता. अन्याय दिसला की तिथल्या तिथे उभं राहा, असं मी गेली पाच वर्षं कागदावर छापून लोकांच्या हातात कोंबते आहे. मी उभी राहिले नाही. नंबर आला तेव्हा तुझ्या हसऱ्या स्वभावावर चार वाक्यं वाचली आणि खाली बसले. मजुरांच्या हक्कांसाठी आमचा गट काढतो त्या पत्रकात अन्याय करणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत असतं. इथे मला ते लिहायला थोडा धीर गोळा करावा लागतोय. लिहीन.

तुझ्या आईनं, काकूंनी सांगितलंय, मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं दे. "गोड लिही गं अनू. तुला लिहिता येतं." तुझा जन्म, तुझं आजारपण, तुझी तारीख हे सगळं मंडळाच्या नोटीस बोर्डावर लागलंय, ज्याला पाहिजे त्यानं तिथे वाचावं. गोड मला येत नाही. तुझ्याबद्दल माझ्या मनात सगळ्यात जास्त वर्षं जे होतं ते प्रेम होतं असं मी इथे लिहिलं तर तूच हसशील. तो हेवा होता. प्रेमही होतं, पण ते त्याच्या मागे उभं असायचं, रांगेत.

शाळेत असं नव्हतं. शाळेत आपण एका बाकावर, एका बिल्डिंगमधून एका बसनं शारजाहून दुबईला. वक्तृत्वाचे कप माझे. तुझं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं, आणि तेव्हाही तू खिडकीबाहेर बघत बाकावर बोटं वाजवत असायचीस. बाई म्हणायच्या, सुचेता, हात. तू हात मांडीवर घ्यायचीस आणि पायानं सुरू व्हायचीस. मला तुझी दया यायची. मी फार सुखी होते तेव्हा.

शाळा संपल्यावर मी दुबईत डेटा एन्ट्रीला लागले आणि तू शारजातच, रोल्लातल्या त्या टायपिंग सेंटरमध्ये, जिथे लोक व्हिसाचे फॉर्म भरून घ्यायला येतात. तिथे केनियातल्या मोंबासाचा जोसेफ आला. दुबईत डेराच्या एका हॉटेलात सामान उचलायचा, आपल्या मागच्या बिल्डिंगमध्ये एका खोलीत सात जणांबरोबर राहायचा. त्याचा फॉर्म भरताना तुझा डावा हात टेबलावर काय करतोय ते त्यानं बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी एक कॅसेट आणून दिली. जमैकाची गाणी, मोंबासात कॉपी केलेली.

तुझ्या खोलीत आपण ती लावली. पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं आणि मी म्हणाले, टेप अडकली बहुतेक, तेच परत लागलंय. गाणारा वेगळा होता, शब्द वेगळे होते, पण खाली ठेका तोच, बास तोच. तिसऱ्या गाण्याला तोच. चौथ्याला तोच. मला ती फसवणूक वाटली. तू मात्र उठून टेपजवळ जाऊन बसलीस, गुडघे छातीशी घेऊन, आणि नववं गाणं संपेपर्यंत तिथून हलली नाहीस.

नंतर जोसेफनं समजावून सांगितलं. याला रिदिम म्हणतात. एक माणूस रिदिम बांधतो, त्याला नाव देतो. मग ज्याला काही सांगायचंय तो येतो आणि त्याच रिदिमवर आपला आवाज चढवतो. कुणी प्रेमाचं सांगतं, कुणी देवाचं, कुणी नुसत्या शिव्या घालतं. "वन रिदिम, मेनी माउथ," तो म्हणाला. आणि दुसऱ्या बाजूला नुसता रिदिम ठेवायचा, कुणाच्याही आवाजाशिवाय, म्हणजे उद्या कुणाला काही सांगावंसं वाटलं तर त्याला जागा असावी. बांधणाऱ्याचं नाव कागदावर छापतात, हेही त्यानं सांगितलं. मी तिथेच बसले होते. मी ऐकलं होतं.

तुझा रिदिम तुझ्या टेबलावरच होता. फॉर्म टाइप झाला की तू सेंटरचा शिक्का मारायचीस. आधी शाईच्या पॅडवर, थप्, मऊ. मग कागदावर, ठक्, कडक. दिवसाला किती वेळा कोण जाणे. एका दुपारी सेंटर बंद असताना तू टेपरेकॉर्डर नेऊन तो आवाज भरून आणलास. थप्, ठक्ठक्. थप्, ठक्. त्याच्याखाली तुझ्या जुन्या कीबोर्डवर डाव्या हातानं बास घातलास. इतका कमी बास की मला वाटलं तू अर्धाच वाजवलास. मी म्हणाले, भर की अजून काहीतरी. तू म्हणालीस, "भरायला माणसं येतील ना." नाव ठेवलंस ठप्पा.

आणि माणसं आली. तोच तर माझा राग आहे.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यातले ते सुट्टीचे शुक्रवार काकूंना अजून आठवतात. सकाळी पोहे व्हायचे. जोसेफ आला की आधी मिरची मागायचा. रेकॉर्डिंगच्या वेळी एसीची घरघर टेपमध्ये यायची म्हणून एसी बंद. खिडक्या बंद, दार बंद, दाराच्या फटीला टॉवेल. आत तू आणि गाणारा, दोघंच. बाहेर मी आणि काकू मेथी निवडत. आतून थप् ठक् ऐकू यायचं, मग एक आवाज, मग हसणं, मग तू म्हणायचीस, "फिर से, यल्ला, चलो." घामानं निथळत माणसं बाहेर यायची आणि त्यांच्या तोंडावर असं काही असायचं, की आपल्याबद्दलची एखादी चांगली बातमी नुकतीच कळली आहे. मी त्या दाराकडे बघत मेथीची पानं आणि देठ एकाच ताटात टाकत होते. काकू म्हणाल्या, अनू, लक्ष कुठाय.

जोसेफचं कुणाला एक अक्षर कळलं नाही, इतक्या वेगात तो बोलला, आणि सगळे नाचले. बीना तेव्हा पहिल्या मजल्यावर राहायची, नर्स. ती युनिफॉर्ममध्येच आली आणि मल्याळममध्ये तिच्या मुलीला फोनवर जे सांगते तेच सांगून गेली: दूध पी, केस विंचर, आजीला त्रास देऊ नको. इतकंच. काकूंना शब्द कळले नाहीत आणि तरी त्या पदराला डोळे पुसून आत गेल्या. आणि रज्जाक भाई. मुलतानचे, पिकअप चालवायचे, माझी पत्रकं दर शुक्रवारी अल क्वोजच्या लेबर कॅम्पवर त्यांच्याच गाडीतून जायची. ते म्हणाले, बेटा, मुझे गाना-वाना नहीं आता. तू म्हणालीस, तो बात करो. त्यांनी केली. त्यात एक ओळ होती: "फोटो मेरा ठंडे दराज में, मैं खड़ा हूँ धूप में."

सुची, तुला कल्पना आहे का त्या ओळीनं माझं काय केलं? पासपोर्ट मालकानं ठेवून घेणं चूक आहे, यावर मी चार पानं लिहिली होती. हिंदीत, मुद्दे घालून, ठळक अक्षरात. माणसाला त्याचा फोटो एसीच्या खोलीत आणि तो उन्हात, एवढंच सांगायचं असतं हे मला आजवर सुचलं नाही. आणि ज्याला गाना-वाना येत नाही त्या माणसाला तुझ्या बंद दारामागे अर्ध्या तासात सुचलं. मग मला का नाही बोलावलंस? मी बसले होते की त्या दाराबाहेर. महिनाभर बसले.

शेवटी मीच आले. माझी चार पानं चालीत बसवून आणली होती, यमकं जुळवली होती. तू ठप्पा लावलास, मी गायले. तू मध्ये थांबवलं नाहीस, हे त्यातलं सगळ्यात वाईट. पूर्ण ऐकलंस. मग टेप बंद केलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "अनू, तू गाऊ नकोस. तू..."

पुढचं मी ऐकलं नाही. कागद उचलले आणि दार आपटून निघाले. काकू म्हणाल्या, पोहे तरी खाऊन जा. जिन्यात मी मोठ्यानं म्हणाले, तुझ्या रिदिमवर सगळ्या जगाला जागा आहे, फक्त मला नाही. तू दारात आली होतीस. ऐकलंस का मला माहीत नाही. वाक्य तसंच अर्धं राहिलं, चार वर्षं, आणि आपण दोघींनी त्याला हात लावला नाही.

आता ते अन्यायाचं लिहिते.

सहा आवाज झाले तेव्हा तू कॅसेट करायची ठरवलीस. शंभर कॉपी, रोल्लातल्या एका कॅसेटवाल्याकडून. डबीतला कागद करायला तू माझ्याकडेच आलीस, कारण कागद करणं मला येतं. छोट्या जागेत मजकूर कसा बसवायचा, झेरॉक्सला कुठलं अक्षर उठतं, हे मला पत्रकांनी शिकवलं होतं. तू मला एका चिठ्ठीवर सगळं लिहून दिलंस. ए बाजूला सहा नावं. खाली: ठेका आणि बास, सुचेता वझरकर. बी बाजूला: ठप्पा, आवाजाशिवाय.

मी सहा नावं टाइप केली. तुझं टाइप केलं नाही. आणि बी बाजूपुढे टाइप केलं: रिकामी.

पहिल्या ओळीत यायला हवं होतं ते नाव हे. अन्याय करणारी मी, अनुजा. नव्व्याण्णवचा नोव्हेंबर, गुरुवार, ऑफिस सुटल्यावर, झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या.

तू छापलेला गठ्ठा बघितलास तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार होतं. आमच्या पत्रकावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. सुरक्षिततेसाठी नसतं आणि तत्त्व म्हणूनही नसतं. काम सगळ्यांचं असतं, नाव म्हणजे मिरवणं. रिदिमही सगळ्यांचाच ना? वन रिदिम, मेनी माउथ. मी ते इतकं छान बोलले की जवळपास मलाच पटलं. पण गाणाऱ्या सहा जणांची नावं मी का ठेवली, हे तू विचारलं नाहीस. विचारायचा दम नव्हता असं नाही; तुला उत्तर माहीत होतं. तू फक्त कागदावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "रिकामी?"

मी म्हणाले, आवाज कुठाय त्याच्यावर.

तू गठ्ठा परत माझ्या हातात दिलास. मग म्हणालीस, "खलास. वाटून टाक."

तू भांडली असतीस तर. मी भांडणाच्या पूर्ण तयारीत होते, सुची. मला भांडता येतं, मी त्यात कप घेतलेत. तू मला तेही दिलं नाहीस.

कॅसेटवाल्यानं कागद वाचूनच काम केलं. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, एकेका बाजूची एकेक. ती मोडली की त्या बाजूवर परत टेप करता येत नाही. त्यानं शंभर कॅसेटच्या ए बाजूच्या पट्ट्या मोडल्या. बी बाजूच्या ठेवल्या. तू विचारलंस तेव्हा म्हणाला, बी साइड खाली लिखा है ना मॅडम, पब्लिक को काम आएगा.

कॅसेटी रज्जाक भाईंच्या गाडीतून गेल्या. अल क्वोजला त्या शुक्रवारी मी बरोबर होते. कॅम्पच्या अंगणात पुरुष ओळीनं उकिडवे बसले होते, समोर खुबूसच्या रोट्या आणि डाळ. टेपवर रज्जाक भाईंची ओळ चालू होती आणि वीस-बावीस जण ती एका सुरात म्हणत होते. त्यांच्या ताटांखाली कागद पसरले होते. माझी पत्रकं होती ती. चारही पानं, ठळक अक्षरांसकट, डाळीनं पारदर्शक झालेली. एकानं मला ओळखलं, बाजूला सरकून जागा केली आणि मलाही एक पत्रक अंथरलं. फार प्रेमानं. रज्जाक भाई हसू दाबत म्हणाले, चलो बेटा, किसी काम तो आया.

मी त्या पत्रकावर ताट ठेवून जेवले. आणि तुझा एवढा हेवा मला आयुष्यात कधी वाटला नाही. त्या महिन्यात तिथल्या तीन जणांनी मालकाकडे आपला पासपोर्ट मागितला. का, म्हणून मी विचारलं तर एक जण म्हणाला, गाने में बोला है. मी आनंदानं नाचायला हवं होतं. मी घरी येऊन रडले, आणि ते त्या तिघांसाठी नव्हतं.

बी बाजूचं काय झालं तेही सांगते, कारण हे तुझ्या हयातीत मी कधी मोठ्यानं बोलले नाही. पब्लिकच्या कामाला आली ती. कुणी गावाकडे पाठवायला निरोप भरले. कुणी पिक्चरची गाणी. तुझ्या स्वतःच्या कॉपीवर काकूंनी गणपतीत आरत्या टेप केल्या. बिचाऱ्या काकू, कागदावर रिकामी लिहिलं होतं. तू घरी आलीस, टेप लावलीस आणि थप् ठक्च्या जागी तुझ्या बाबांचा झांजांमधला आवाज आला. तू मला हे हसत सांगितलंस. मूळ टेप तर कॅसेटवाल्यानं केव्हाच पुसून दुसऱ्या कामाला लावली होती, आणि तो शिक्क्याचा आवाजही तू त्याच टेपवर उतरवला होतास. पुढे सेंटरमध्ये कॉम्प्युटर आला, शिक्का बदलला. नवा स्वतःच शाई धरणारा. त्याला पॅड लागत नाही. तो फक्त टिक् करतो.

मग अल क्वोजच्या गोदामात कुणीतरी स्टुडिओ काढला, जाहिरातींचं संगीत करायला माणूस हवा होता. तू टायपिंग सेंटरमधून सुट्टी काढून, इस्त्रीचा ड्रेस घालून, ती कॅसेट घेऊन गेलीस. नंतर रोल्लाच्या कॅफेटेरियात चहा घेताना तू मला त्या माणसाची नक्कल करून दाखवलीस. त्यानं ए बाजू ऐकली, खूश झाला. मग डबीतला कागद उलटसुलट केला. "मॅडम, इसमें आपका नाम किधर है?" तू म्हणालीस, मैंने बनाया है, ये सब मेरे ऊपर गाए हैं. तो म्हणाला, अच्छा, तो सिर्फ म्यूजिक सुनाओ. तू बी बाजू लावलीस. आरती लागली.

आपण दोघी इतक्या हसलो की कॅफेटेरियावाला वळून बघायला लागला. हसता हसता मी म्हणाले, तू ठासून सांगायचंस ना. तू चहात बघत म्हणालीस, "सांगितलं गं. तुझ्याइतकं जोरात नाही येत मला."

दुसऱ्या दिवशी मी त्या गोदामात जाऊ शकत होते. बसनं चाळीस मिनिटं. मी साक्षीदार होते, कागद माझा होता, चूक माझी होती, आवाज तर माझ्याकडे भरपूर होता. दुसऱ्यांसाठी मी कुठल्या कुठल्या ऑफिसांच्या दारात उभी राहिले आहे. तुझ्यासाठी मी गेले नाही. तू जिंकली असतीस म्हणून गेले नाही. तू टायपिंग सेंटरमध्ये परत गेलीस आणि माझा जीव जरा भांड्यात पडला. हे वाक्य स्मरणिकेत छापू नका असं मंडळ म्हणेल. छापा.

शेवटच्या आठवड्यात तू हॉस्पिटलमध्ये मला म्हणालीस, "अनू, तुझ्याकडची बी बाजू असेल ना? तू काही पुसणार नाहीस. आण ना, मला फक्त ठप्पा ऐकायचाय." तुझं बोट चादरीवर हलत होतं. मी म्हणाले, आणते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, सापडत नाहीये. तिसऱ्या दिवशीही तेच. तू म्हणालीस, राहू दे, घर आवरशील तेव्हा मिळेल.

सापडली होती. पहिल्याच दिवशी सापडली होती, कपाटात, पत्रकांच्या गठ्ठ्याखाली. तिच्या बी बाजूवर माझं भाषण आहे. आमच्या गटाच्या मीटिंगमध्ये मी केलेलं, पिण्याच्या पाण्यावर, पंचवीस मिनिटांचं. माझं मलाच ऐकायचं होतं म्हणून मी ते टेप केलं होतं. कागदावर रिकामी लिहिलेलं होतंच, माझ्याच हातानं.

शुक्रवारी कार्यक्रम संपल्यावर बीना हॉलच्या मागच्या दाराशी उभी होती. ड्यूटीवरून थेट आली होती, युनिफॉर्ममध्ये, तशीच. जोसेफ परत गेला, रज्जाक भाई परत गेले, उरलेले तिघंही आपापल्या देशी परत गेले. काकू सोडल्या तर त्या हॉलमध्ये खरं माहीत असलेल्या आम्ही दोघीच. तिला मराठी कळत नाही, पण आवडतं गाणं म्हणजे काय ते तिनं कुणाला तरी विचारलं होतं. ती म्हणाली, "अनू, तुमने बोला नहीं? सुची ने बनाया, तुमने नहीं बोला?"

मी म्हणाले, वेळ नव्हता.

मग ती म्हणाली, "वो बी साइड तुम्हारे वास्ते रखा था ना. सुची बोलती थी, अनू को गाना मत बोलो, वो बात करेगी तो सब खड़ा हो जाएगा. एक दिन आएगी, इसके ऊपर बोलेगी. इसलिए खाली रखा."

तर ते अर्धं वाक्य असं होतं. तू गाऊ नकोस. तू बोल.

आणि खरं सांगू का, सुची, ते ऐकल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं? दुःख नाही. मला बीनाचा हेवा वाटला. ते वाक्य तुझ्या तोंडून तिनं पूर्ण ऐकलं होतं, आणि मी दार आपटलं होतं. तू गेल्यावरही मी तेच करते आहे. बहुतेक हे जाणार नाही. पण तू माझ्यासाठी चार वर्षं एक जागा धरून ठेवली होतीस, आणि तुझी जागा मात्र मी एका ओळीत खोडली, हे आता माझ्या नावासकट छापून येऊ दे. मी आजवर लिहिलेला हा पहिला कागद आहे ज्याच्यावर माझं नाव आहे.

तू आता जरा थांब. मला यांच्याशी बोलायचंय.

ही स्मरणिका हातात धरलेल्या सगळ्यांना सांगते. ही कॅसेट तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आहे. शंभर निघाल्या होत्या, पुढे कॉप्यांच्या कॉप्या झाल्या. तुमच्या गाडीच्या कप्प्यात बघा. तुमच्या ड्रायव्हरला विचारा, सलूनवाल्याला विचारा, खालच्या बकाल्यातल्या किराणावाल्याला विचारा. पिवळसर कागद, सहा नावं, वर नाव ठप्पा. मिळाली की लगेच टेपमध्ये घालू नका, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जातं. आधी कॅसेट उलटी करा, बी बाजूची प्लास्टिकची पट्टी शाबूत असेल तर तिला नख लावा आणि मोडा. मग ऐका. आरती लागली, निरोप लागला, गाणं लागलं तर ती ठेवून द्या, ती तुमची. पण आधी मऊ थप् आणि मग कडक ठक् ऐकू आलं आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, तर पेन घ्या. कागदावरचं "रिकामी" खोडा. तिथे लिहा: ठेका आणि बास, सुचेता वझरकर. आणि ती कॅसेट घेऊन शुक्रवारी सकाळी रोल्लाला तिच्या आईकडे या. काकू पोहे करतील. एसी आम्ही बंद ठेवू.